एकशे नव्याण्णव मशिनं

दि. १२ मार्च

प्रिय ठमे,

आशीर्वाद लिहायला हात धजेना, म्हणून नुसतंच प्रिय. आईचे गुडघे तसेच आहेत. तुझी वहिनी बरी आहे, माझ्याशी बोलत नाही एवढंच. मी दमलोय गं.

ऑफिसात तुझ्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय. काम तेच. कॉम्प्युटरच्या जाळ्यात खोटी वर्दळ सोडायची आणि शंभर कोटी पॅकेटांत, म्हणजे माहितीच्या तुकड्यांत, एखादं हरवतं का, ते बघत बसायचं. लोक गवतात सुई शोधतात, आपण सुई मुळात आहे का ते शोधतो, असं तू म्हणायचीस.

गेल्या वर्षी या कामाला दोनशे मशिनं लावली होती. एकशे नव्याण्णवांत एकही पॅकेट हरवलं नाही, आणि तू हाताने चालू केलेल्या एकात तीन हरवली. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "एवढी सगळी खोटी आणि तू एकटी शहाणी? आकडे फिरवलेस तू!"

"दादा, माझं मशीन एकदा बघ तरी."

नाही बघितलं. आठवड्यात तुझी नोकरी गेली.

प्रत्येक मशीनला सुरुवातीचा वेगळा आकडा द्यायचा, म्हणजे प्रत्येकाची वर्दळ वेगळी होते, हे मीच तुला शिकवलं. आणि मीच घाईघाईत एकाच आकड्याची फाईल तुझं मशीन सोडून सगळीकडे चिकटवली. एकाच दिवसाची वर्दळ एकशे नव्याण्णव वेळा चालली. तुझ्याविरुद्ध खरं तर एकच मशीन होतं, ठमे.

हे काल नाही कळलं मला. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या आठवड्यातच कळलं. वर्ष झालं. रोज म्हणायचो, उद्या सांगू. पण माझी बढती आली होती, घोडं तिथेच पेंड खात होतं.

परवा तू नव्या नोकरीसाठी अर्ज केलास तिथून एका बाईंचा फोन आला. "मुलगी आकडे फिरवते म्हणतात, खरं का?" मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहे. आणि जिन्यात जाऊन बसलो. कालचा दिवसही तसाच घालवला.

आज सकाळी साहेबांना सगळं लेखी दिलं. मग बाईंना फोन लावला. "तिचे आकडे खरे होते. चूक माझी, मी तिचा सख्खा भाऊ."

बाई म्हणाल्या, "अहो, कालच भरली जागा."

ते तुला कारण सांगणार नाहीत. तू म्हणशील, माझं नशीबच फुटकं. नशिबाला बोल लावू नकोस. ते नशीब नव्हतं, मी होतो.

तुझा
दादा