तिनं आधी लिहावं

नाशिक,
१२ फेब्रुवारी १९९८

प्रिय छाया,

गुडघे कसे आहेत? माझा उजवा दुखतो, म्हणजे तुझाही दुखत असणार.

आज उगाच रविवार कारंज्यावरचा बाजार आठवला. बाबा फुलं विकत होते आणि आपण दोघी जुळ्या कॉन्व्हेंटच्या गणवेशात गर्दीत चुकलो. मी तुला शोधत फिरले, तू मला. मग दमून थांबलो, तर दोघीही थांबलो, दोन टोकांना. बाबा चिडले, "अगं, एकीनं फिरायचं, एकीनं थांबायचं!" ते आपल्याला कधी जमलंच नाही. सिस्टरांनी वेगळ्या वर्गांत बसवलं तरी पेपरात चुका त्याच.

यंदा गुलाब छान आलाय. साळूबाई अजून तोडणीला येते, मळ्यातल्या खोलीतच राहते.

मागच्या आठवड्यात आपला आतेभाऊ चंदर देवळ्याहून, तुझ्याकडून आला. मी सहज विचारलं, "काय म्हणते ती?"

तो हसतच सुटला. "शेवंताताई, छायाताईनं अस्संच नाक उडवून विचारलं. म्हटलं, पत्र टाक की. तर म्हणे, तिनं आधी लिहावं."

"बरोबरच आहे. तिनंच आधी लिहावं."

"झालं! आता दोघी वर गेल्यावरच भेटा," म्हणाला मेला.

तेव्हा हसले, मग मात्र कशातच जीव लागेना. मी थांबलेय म्हणजे तूही थांबलेली. बाबा गेल्यापासून मी कोर्टात सांगतेय की मळा मलाच देणार होते. तूही शब्दन् शब्द तेच सांगतेस. 'ती काय करेल' हे बघत बसण्यात अर्थच नव्हता. दोघी एकच करणार असू, तर काय केलेलं बरं, एवढंच बघायचं होतं.

आज मी माझा दावा मागे घेतला.

वकील म्हणाले, "बाई, त्यांनी नाही घेतला तर सगळा मळा त्यांचा!"

"मी घेतेय ना? मग ती का नाही घेणार?"

"त्यांना कळवलंत?"

"नाही."

त्यांनी कपाळाला हात लावला.

तुझ्या दाव्याची तारीख उद्या आहे. पत्र त्यानंतरच मिळेल. मुद्दाम आज टाकतेय. माझं वाचून तू सोडावंस असं मला नको होतं.

भीती वाटतेच गं. तू तिकडे कांद्यात, मी इथे फुलांत. तुझ्या बोलण्यात आता 'आहे'ऐवजी अहिराणी 'शे' येतं म्हणे. इतक्या वर्षांत निराळी झाली असशील तर? पण तुझा भरवसा सोडायचा म्हणजे माझाच सोडायचा, आणि तसं जगणं मला जमणार नाही.

तूही सोडला असशील, तर विहिरीकडचा अर्धा मळा, गुलाबांसकट, तुझा. रस्त्याकडचा मला पुरे. तू नेमकं उलटं, विहिरीकडचा मला, असं लिहिणार. ते समोरासमोर बसून भांडू. आईच्या पाटल्या एकेक. साळूबाईची खोली साळूबाईला.

सोडला नसशील, तर मळा सगळा तुझा आणि पाटल्याही दोन्ही तुझ्या. खोली मात्र साळूबाईचीच राहू दे.

काहीही झालं असलं तरी तुझीच,
शेवंता