पट्टा उतरवल्यावरचा हुंकार

अहो,

कागदावरसुद्धा तुमचं नाव घेववत नाही, म्हणून 'अहो'च. तुम्ही जाऊन वर्ष होत आलं. इतक्या दिवसांत लिहावंसं वाटलं नाही. आज रोह्याच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितेय, कारण काल आपल्या भातगिरणीत जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. लोक म्हणतील, बाईचं डोकं फिरलं. तुम्ही तसं म्हणणार नाही. म्हणायचं असलं तरी तोंडानं कुठलं म्हणणार! नुसतं 'हं' कराल.

जन्मभर तेच केलंत. आमटीत मीठ कमी पडलं, हं. पाहुणे जास्त राहिले, हं. नाकातून, जड, दोनदा. त्या दुपारी जेवतानाही तसंच केलंत आणि मी मिठाची बरणी पुढे सरकवली. छातीत दुखतंय एवढं बोलायला काय झालं होतं हो? मीठ घेतलंत, दोन घास खाल्लेत आणि पानावरच कलंडलात. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

तुमचं तेरावं झालं आणि सदूभावजींनी गिरणी सुरू केली. तुमचा हा धाकटा भाऊ धाटावच्या कंपनीत यंत्रंच दुरुस्त करतो, त्याला काय अवघड! पट्टा फिरला, भात सडायचा हलर चालू झाला आणि आतून आवाज आला. हं. हं. भात घेऊन आलेल्या बाया जागच्या जागी थिजल्या. वाडीवरची ठकी तर सूप टाकून बाहेर पळाली. "गो वैनी, दादा हाय आत!"

त्यानंतर निम्मी गिऱ्हाइकं खांब गावच्या गिरणीत जायला लागली. मी मात्र भिंतीकडे तुसाच्या पोत्यांजवळ स्टूल टाकून बसायची. खरं सांगू? बरं वाटायचं मला.

"वैनी, आवाज पट्ट्याकडून येतोय, तिकडची बेरिंग गेली हाय. बदलू या ती," भावजी दर सुट्टीला म्हणायचे.

"असू दे."

"असू दे काय? एक दिवस गिरणी जाम होऊन बसंल!"

बसली तर बसली. तुमचा आवाज बेरिंग ओढून काढायच्या त्या पुलरनं उपटून भंगारात टाकायचा, हे मला कसं जमणार होतं?

काल मात्र भावजींनी विचारलंच नाही. पेणहून दोन बेरिंगी घेऊन सरळ दारात उभे. म्हणाले, "एका टोकाची काढली तर दुसऱ्याची पण काढायची, ही दादाची पद्धत." मी दारातून बाजूला झाले. तुमची ती काळी कढई काढली. माझ्या स्वयंपाकघरातून पळवलेली, आठवतेय का? नवी बेरिंग तेलात तापवायची, म्हणजे ती फुलते आणि हातोडा न लावता दांड्यावर बसते. त्या तापत्या तेलाचा वास घरात शिरला आणि माझे डोळे भरून आले.

भावजींनी रॉकेल सोडलं, पुलरचे पंजे अडकवले आणि जोर लावून लावून पट्ट्याकडची बेरिंग काढली. पुसली. बोटात घालून फिरवली. कसला आवाज नाही, खरखर नाही.

"वैनी, ही तर ठणठणीत हाय!"

मग त्यांनी भिंतीकडची काढली. जी कधी चकार शब्द बोलली नव्हती ती. तिच्यातल्या गोळ्या झिजून चपट्या झालेल्या, ग्रीसचा कोळसा झालेला. तिला टेकलेलं तुसाचं पोतं मी ओढलं तर करपलेलं गोणपाट हातातच फाटलं. त्याच्याच शेजारी मी रोज बसत होते! अजून थोडे दिवस गेले असते, तर गिरणी, घर आणि मी, सगळ्यांचीच राख झाली असती. जळत होती एक आणि आवाज येत होता दुसरीतून. हे कसं हो?

नव्या बेरिंगी बसल्या. गिरणी चालवून पाहिली, अगदी गप्प. मी पदर तोंडाला लावून रडले. पट्टा जरा सैल वाटला म्हणून भावजींनी मोटार बंद करून तो उतरवला आणि चहा प्यायला बसले.

आणि तेव्हा आवाज आला. हं. हं.

मोटार बंद, पट्टा जमिनीवर. आवाज हलरमधून.

या खेपेला मी बसून ऐकलं नाही. उठले, दोन्ही टोकांना हात लावला. थंडगार. मग आठवलं, आवाज जिथून येतो तिथं दुखत नसतं. वळून पाहिलं तर भावजींनी चहाला तोंडही लावलेलं नव्हतं. शर्ट घामानं भिजलेला, डावा हात चोळत होते.

"काय होतंय भावजी?"

"काय नाय वो. पुलर फिरवून हात भरलाय."

तुमचेच भाऊ! मी त्यांचं काही ऐकलं नाही. रस्त्यावर जाऊन मिनीडोर रिक्षा अडवली आणि त्यांना इथं आणलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक होता, वेळेवर आणलंत.

आज भावजी बोलायला लागले. मी विचारलं, "काल 'हं' तुम्ही केलंत का?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मी नाय केलं. पण ऐकलं. वैनी, मला वाटलं, दादा मला न्यायला आला."

अंगावर काटा आला माझ्या. म्हणून हे लिहितेय. खरं सांगा, तुम्ही मला उठवत होतात, की धाकट्या भावाला घेऊन जायला आला होतात? तिकडे एकटं वाटतंय का तुम्हाला?

उठवत होतात असंच मी धरून चालते. तुम्हाला वचन देते, पुन्हा कधी मिठाची बरणी पुढे करणार नाही. तुम्ही हुंकार द्यायचा आणि मी हातातलं टाकून उठायचं. आवाज सोडून बाकी सगळीकडे आधी बघेन. पण न्यायलाच येत असाल, तर हेही ऐकून ठेवा. मी दारात उभी असेन आणि भावजींना सोडणार नाही. सोबत हवीच असली तर मला हाक मारा. मात्र तोंडानं, नाव घेऊन.

तुमचीच,
सुमन