दोन घरची पाहुणी

खामगाव

प्रिय जहांआरा,

जयभीम आणि सलाम. गुडघे कसे आहेत ते खरं कळव. "बरं चाललंय" हे उत्तर चालणार नाही. मी ठणठणीत. पत्र आभाराचं आहे, तेव्हा बसून वाच.

परवा सोनाळ्याला मुलींपुढे क्वांटमवर बोलायला गेले होते. (नकार देणं मला जमतं, पण "झेपेल ना?" असं कुणी विचारलं की जमत नाही.) घाट घातला शाळेतल्या दयाराम गुरुजींनी. बारावी झालेल्या डिंपलला अमरावतीला भौतिकशास्त्र शिकायचं आहे, तिची आई सोजराबाई नाही म्हणते. ती ऐकायला येणार, मी तिचं मन वळवायचं. जेवायला दोघांनीही बोलावलं होतं. गुरुजींना वाटलं मी सोजराबाईंकडे जेवले, सोजराबाईंना वाटलं गुरुजींकडे. दोन्हीकडे नुसता चहा. (मागून घेणं माझ्या स्वभावात नाही. कॉलेजात असताना मेसमध्ये माझी पोळीसुद्धा तूच मागायचीस.)

उपाशीपोटी फळ्यापुढे उभी राहिले आणि तू परीक्षेआधी घोकून घेतलेलं गणित मला प्रथमच कळलं. भिंतीत दोन फटी, पलीकडे पडदा. एकच फट उघडी असली तर इलेक्ट्रॉन पडद्यावरच्या एखाद्या जागी पोचतो. दुसरी एकटी उघडली तरी पोचतो. दोन्ही उघडल्या की काही जागी मुळीच पोचत नाही. कारण शक्यता सरळ मिळवायच्या नसतात. दोन वाटांचे आकडे आधी अधिक-उणे चिन्हांसकट मिळवायचे, मग वर्ग करायचा. अधिकाला उणे भेटलं की शून्य. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग म्हटलं, दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी आज मी. (घरांचा गैरसमज होतो, इलेक्ट्रॉनाचा होत नाही, हेही बजावलं. अर्धवट शिकवणं मला खपत नाही.)

मुली हसल्या. सोजराबाई ताडकन उठल्या. "अवो म्याडम, तवाच काऊन नाही सांगतलं? ते गणित राहू द्या, आंधी जेवा!"

व्याख्यान तिथंच संपलं. भाकरी आणि ठेचा दोन्ही घरून आला. वाढता वाढता डिंपल म्हणाली, "म्याडम, आता दोन्ही घरचं चिन्ह एकच. बेरीज दोन, वर्ग चार!" ताट खरोखर तसंच भरलं होतं. पोरगी तयारीची आहे.

सोजराबाईंनी परवानगी दिली. हा तुझ्या शिकवणीचा गुण, जहांआरा. मी तुझे आभार कधी मानले नव्हते. आज मानते.

तुझी,
सुवर्णा

ता. क. परवानगी गणितामुळे मिळाली नाही. "पोर तिकडं राहीन कुठं?" असं सोजराबाईंनी विचारलं, तेव्हा मी तुझा अमरावतीचा पत्ता देऊन बसले.

आणखी एक : डिंपल सोमवारी सकाळच्या गाडीनं पोचेल. तू नाही म्हणण्याची शक्यता हिशेबात धरलेली नाही.