छोट्या पातेल्यातले लाल गोळे

मॅडम, एक तक्रार आहे. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे तिची दखल घेतली जाईल अशी आशा नाही. पण तुम्ही होतात तेव्हाही माझ्या तक्रारींची दखल घेत नव्हतात, तेव्हा फार फरक पडू नये. तक्रार आमच्या फ्रीझरची आहे. काळ्या तिळाच्या सारणाचे गोळे पारीत भरायच्या आधी गारठवून दगडासारखे करावे लागतात, हे तुम्हीच शिकवलंत. पण चँडलरच्या या घरात, जिथे दोन गाड्यांना जागा आहे आणि कोणी वापरत नाही अशा ट्रेडमिललाही आहे, तिथे तिळाच्या एका ताटलीला जागा नाही. वरचा कप्पा खोवलेल्या नारळाने बळकावलाय, मधला पराठ्यांनी, आणि खालच्या कप्प्यात माझ्या बायकोची सुरमई पहुडलेली असते. बायको मालवणची. "ठेव की तिच्या शेजारी," ती म्हणते, "मेलेली आहे ती, चावणार नाही." एका शाकाहारी माणसाच्या मूलभूत हक्कांवर भरदिवसा अशी गदा येते आणि कोणी साधा निषेधही नोंदवत नाही.

माझा शाकाहार तुम्हाला ठाऊक होता. तो सगळ्यांनाच ठाऊक असतो. मी तशी काळजी घेतो. ऑफिसच्या पॉटलकमध्ये मी वेगळा चिमटा मागतो. फ्राइज कुठल्या तेलात तळल्या याची चौकशी करतो, तोवर मागे रांग लागते. सूपमध्ये चिकनचं पाणी नाही ना, हे आचाऱ्याला बाहेर बोलावून विचारलेलं आहे. सांगलीहून निघताना आईला शब्द दिला होता, आणि आई अजूनही दर रविवारी फोनवर हजेरी घेते. लग्नानंतर बायकोच्या माशांसाठी मी मागच्या अंगणात वेगळी शेगडी बसवून दिली. याला मी माझं औदार्य म्हणतो. ती काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावातला तो पहिला डिसेंबर आठवतो. सगळं गाव सुट्टीला घरी गेलेलं, बस तासाला एक, आणि तुमच्या लॅबमध्ये आम्ही तीन-चार परदेशी पोरं उरलेली. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी तुम्हा चिनी लोकांकडे गोड गोळे करायचे असतात, म्हणून तुम्ही घरी बोलावलंत. "काय खात नाहीस?" एवढंच विचारलंत, त्यावर मी एक प्रदीर्घ व्याख्यान दिलं. तुम्ही ते शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, माझ्या रिसर्चबद्दल जे तुम्ही कधीच केलं नाहीत, आणि म्हणालात, "ओके. मी खूण करीन. तुला दिसेल."

तुमच्या स्वयंपाकघराच्या काचा वाफेने आंधळ्या झाल्या आहेत. ओट्यावर चिकट तांदळाचं पीठ. त्यातला एक गोळा तुम्ही उकळून काढता आणि कच्च्या पिठात परत मळता, म्हणजे पारी तडकत नाही. मला काम मिळतं पांढरे गोळे वळायचं. सारण आधीच गारठून तयार आहे. मोदकांच्या अनुभवावर मी मोठ्या आत्मविश्वासाने पहिला गोळा वळतो. तुम्ही तो उचलून उजेडात धरता. "जाड आहे. तुझ्या पेपरच्या प्रस्तावनेसारखा. खाणाऱ्याने आतपर्यंत पोचायचं कधी?" लालसर गोळे मात्र तुम्ही स्वतः वळता, बिटाचा रस घातलेल्या पिठाचे. शेगडीवर दोन पातेली: मोठ्यात पांढरे, छोट्यात लाल.

आता सांगा, आमच्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका म्हणजे खा आणि लाल ठिपका म्हणजे लांब राहा. मला खूण दिसली. मी मोठ्या पातेल्यातून वाढून घेतलं. पाहुण्यांमध्ये शाकाहारी मी एकटा, तरी मोठं पातेलं माझं आणि बाकीच्या जगाने छोट्यात भागवावं, हे मला अगदी स्वाभाविक वाटलं.

आणि काय चव होती! दात लागताच ते काळं सारण वितळून जिभेवर पसरायचं, रेशमासारखं. डिग्री मिळेपर्यंत दर डिसेंबरात मी ते ओरपले. ज्या वर्षी वडील गेले आणि व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नाही, त्या वर्षी तुम्ही सांत्वनाचं अक्षर काढलं नाहीत. माझा वाडगा घेतलात. तुमचा डाव आधी छोट्या पातेल्यावर थांबला, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि मग तो मोठ्या पातेल्यात गेला. "अजून आहेत," म्हणालात. वाडगा रिकामा झाला की पुन्हा तेच. त्या दिवशी मी जेवलो, आठवड्यात पहिल्यांदा.

पुढे नोकरी, लग्न, चँडलर. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी पहिल्यांदा हे गोळे घरी करायला घेतले, तेही मोदकाच्या पिठाचे. पातेल्यात तिळाची पेज झाली. मग पीठ योग्य आणलं, पारी पातळ झाली, तुम्हीही उजेडात धरून गप्प बसला असतात इतकी. पण चव येईना. लोणी घातलं, तूप घातलं, शेंगदाण्याचा कूट घातला. "चांगले झालेत की," बायको म्हणायची. चांगले होते. तुमचे नव्हते.

यंदा तुमची मुलगी नोकरीसाठी इकडे आली आणि वडिलांना, म्हणजे आमच्या अंकलना, घेऊन आली. तिच्याकडून कळलं की तुम्ही गेल्यापासून अंकलनी घरचे गोळे खाल्लेले नाहीत, आणि विकतचे ते तोंडात घालत नाहीत. डिसेंबर आला की ते खोलीत जाऊन बसतात. मग मी त्यांना जेवायला बोलावलं. इतकी काळजी मी थीसिसच्या वेळीही घेतली नव्हती. सगळे पांढरे केले, लोणी घालून, आणि वाडगा त्यांच्यासमोर ठेवून परीक्षेला बसल्यासारखा बसलो.

त्यांनी एक खाल्ला. चमचा खाली ठेवला. वाडग्यात निरखून पाहिलं.

"हे तर लालवाले," ते म्हणाले. "रंग पांढरा. पण लालवाले."

"म्हणजे?"

"तुझे. बटरचे. ती वेगळे करायची, पातेलं वेगळं, झारा वेगळा. तू घ्यायचा नाहीस. मग मी खायचो. दर वर्षी. सगळे." त्यांनी तोंड असं केलं की त्या सगळ्या वर्षांचं लोणी त्यात दिसलं.

"आणि पांढऱ्यांत काय असायचं हो, अंकल?" बायकोने विचारलं. इतका निरागस आवाज मी तिचा लग्नातही ऐकला नव्हता.

"डुकराची चरबी," अंकल म्हणाले. "बेस्ट."

बायको पाणी आणायला आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज काही आला नाही.

"मी तिला म्हणायचो, सांग त्या मुलाला," अंकल सांगत होते. "ती म्हणायची, नको. त्याला माहीत आहे. घरापासून लांब आहे, भूक लागते. आईला शब्द दिलाय, आपण बोललो तर त्याला लाज वाटेल. मी म्हणायचो, मग लाल करतेस कशाला? ती म्हणायची, ज्या वर्षी त्याला परत यावंसं वाटेल, त्या वर्षी ते असले पाहिजेत." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारा चेहरा एकदम काळजीत पडला. "तुला माहीत होतं ना?"

मॅडम, माझ्याकडे शाकाहाराखेरीज मिरवण्यासारखं फारसं काही नाही. "नव्हतं" म्हटलं असतं तर निदान मनाने तरी मी स्वच्छ राहिलो असतो, आणि पुढची दहा वर्षं ही गोष्ट पार्ट्यांमध्ये सांगितली असती. पण मग तुमची ती गप्प राहून केलेली माया, ते दर वर्षीचं छोटं पातेलं, या सगळ्याची एका शब्दात चूक झाली असती, आणि ती घेऊन हा माणूस घरी गेला असता.

"हो अंकल," मी म्हणालो. "माहीत होतं."

त्यांनी मान हलवली, चमचा उचलला आणि उरलेले गोळे तोंड वाकडं करत का होईना, खाल्ले.

रात्री भांडी पुसताना बायको म्हणाली, "रविवारी आईंना तू सांगतोस की मी?" मग जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, "खरंच माहीत होतं तुला?" मी म्हणालो, ती कढई दे इकडे. तिने दिली, आणि पुन्हा विचारलं नाही.

काल मेक्सिकन दुकानातून चरबीचा डबा आणला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, तमाले वाफवणार का? मी हो म्हणालो. हल्ली सवय लागली आहे. सारणाचे गोळे सुरमईच्या शेजारी ठेवले. ती खरंच चावत नाही, तेव्हा वरची तक्रार मागे घेतो. अंगणातल्या शेगडीवर मोठं पातेलं चढवलं, झारा वेगळा घेतला, आणि घरात छोट्या पातेल्यात बिटाचे लाल गोळे केले, लोण्याचे. अंकलना पुन्हा बोलावलं होतं; त्यांनी पहिला पांढरा खाल्ला आणि डोळे मिटले. मग वाडगा पुढे केला. "अजून आहेत," मी म्हणालो.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुमच्या घरी कोणाच्या हाती लागलं तरी वाचता येणार नाही, आणि तसंही ते माझ्याच टेबलाच्या खणात राहणार आहे. म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही: मला माहीत नव्हतं. छोटं पातेलं काल मी एकट्याने संपवलं, तळाशी चिकटलेला शेवटचा गोळासुद्धा. बरे लागतात, मॅडम. पण तुमच्या पांढऱ्यांची सर त्यांना नाही.