ठेंगणीचा डावा पाय

१२ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल. आईच्या गुडघ्याला आराम पडलाय, जिभेला मात्र आराम नाही. नालवाला काल येऊन गेला. आपली घोडी, ठेंगणी, त्याला सवयीप्रमाणे चावली. "हिला शर्यतीत कशाला पळवता, पोलिसात भरती करा," म्हणाला.

तुझी चिठ्ठी ड्रायव्हरने दिली. उद्या सातला तिच्या पुढच्या डाव्या पायावर तासभर गार पाणी सोडायचं, म्हणजे आठला शर्यतीचे डॉक्टर तपासतील तेव्हा सुजेची ऊब हाताला लागणार नाही आणि रविवारी ती पळेल. वाचलं.

तिला आणलं तेव्हा सगळे काय हसले होते! जॉकीचे पाय जमिनीला टेकतील म्हणे. त्यानंतर अकरा शर्यती आणि सहा विजय. एकेकाची बोलती बंद केली पोरीने. सहाव्या विजयाचा फोटो तू ऑफिसात लावलास. मी तिकडे बघत नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं. दोनदा विचारलंस, दोन्ही वेळा मी विषय बदलला.

त्या विजयाच्या सकाळीही पाणी सोडलं होतं, दादा. तू सांगितलं नव्हतंस, मीच सोडलं. पाय गरम लागला होता, पण मला ती जिंकायला हवी होती. परतताना ती लंगडली, तेव्हा "खडा रुतला असेल" असं मीच म्हणाले. हे दुखणं तेव्हापासूनचं आहे आणि माझ्यामुळे आहे. वर्षभर तोंड शिवून बसले, याची मला लाज वाटते.

म्हणून उद्या पाणी सोडणार नाही. पाइप कुलपात आहे, किल्ली माझ्या खिशात. डॉक्टरांचा हात धरून पायाच्या नळीच्या हाडामागच्या त्या सुजलेल्या शिरेवर ठेवणार आहे. घोडीच्या मालकांना काय तोंड दाखवू, असं लिहितोस. माझं दाखव. बहिणीने ऐकलं नाही म्हणून सांग. कामावरून काढायचं तर खुशाल काढ, घोडी धुणारे हात कुठेही काम शोधतील. तुझी माफी मागणार नाही. तिची मागितली, तर चावली.

ऊब तळहाताने नाही, हाताच्या पाठीने बघायची, हे मला तूच शिकवलंस. रविवारी ये. शर्यतीला नको, तबेल्यात ये. तुझा हात लावून बघ आणि मग "हिला पळव" म्हणून मला सांग.

त्या कोरड्या पायाशी उभी असलेली,
तुझी धाकटी