मागच्या दाराचं कुलूप

मंगळवार, ४ मार्च

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. कंबरेची अवस्था पाहता तो कागदावरच घालतोय, गोड मानून घे. इकडे सगळे बरे आहेत. तू लेकीकडे गेल्यापासून मला सगळे 'मालक' म्हणतात. ऐकत मात्र कुणी नाही.

थिएटरचं विचारलंस. सांगतो, जरा दमानं घे.

मागच्या दारावरून आपण किती भांडलो, ते दोघांच्याही बायकांना पाठ आहे. खेळ सुरू झाला की त्या दाराला कुलूप आणि किल्ली पुढच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्या डुलक्याच्या गळ्यात, हा बाबांचा नियम. कुलूप काढलं तर उजेड येईल म्हणालास, मी जाड पडदा शिवून घेतला. फुकटे घुसतील म्हणालास, बाहेर राखणीला माणूस ठरवला. दार करकरेल म्हणालास, बिजागऱ्या बदलल्या. मग तुझ्याकडे एकच वाक्य उरलं, "बाबांनी लावलंय." आणि कुलूप राहिलं.

गेल्या आठवड्यात खेळ नसताना शेजारपाजारच्यांना बोलावून खुर्च्यांवर बसवलं, दिवे घालवले आणि ओरडलो, "आग!" सगळे हसत-खिदळत मागच्या दाराशी.

"अहो, किल्ली?"

"डुलक्याच्या गळ्यात."

"आणि डुलक्या?"

"चहाला गेलाय!"

आणखी एकदा हसले. मग मागचे पुढे रेटायला लागले आणि हसणं थांबलं. कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत. हिनं माझा दंड असा धरला की नखांचे वण अजून आहेत. खोटी आग होती, दादा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप कापलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास आणि मी नेहमीसारखा गप्प बसलो असतो.

इथवर ठीक. पण तू परत येऊन नवं कुलूप लावशील, म्हणून अग्निशमनच्या साहेबांना बोलावलं. त्यांच्या लेखी शेऱ्यापुढे तुझं काही चालणार नाही, असा बेत. साहेब पैसे मागतील, अरेरावी करतील, येणारच नाहीत, सगळ्याची तयारी ठेवली होती. प्रामाणिक निघतील याची नव्हती. दार पाहून त्यांनी मान डोलावली. मग वायरिंग पाहिलं, बाल्कनीचा जिना पाहिला आणि म्हणाले, "हे सगळं नीट होईपर्यंत एकही खेळ नाही."

म्हणजे थिएटर बंद आहे. शुक्रवारपासून. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं; धीर झाला नाही.

डुलक्या रोज विचारतो, "मोठे मालक काय म्हणतील हो?" मी म्हणतो, "तुला काही नाही. तुझ्या वाटचंही मलाच."

दमलोय रे. बाहेरच्या फलकावर 'बंद' मीच रंगवलं. पुढे काय लिहायचं ते तू येऊन सांग. मला घरी बसवायचं असेल तर बसव, चावी ठेवून निघेन. पण ते कुलूप परत लावणार असशील, तर हात तुझा असू दे. मी लावणार नाही.

अजून म्हणू देत असशील तर तुझाच,
धाकटा