पहिला तारा वापरू नये

१४ मार्च

प्रिय चिऊ,

सकाळी नळाचा वॉशर बदलला. नंतर तुझ्या आईच्या कागदांची शेवटची पेटी उघडली. दुपारी जेवलो नाही.

तिच्या वह्या चाळताना मागे कोणीतरी उभं आहे असं वाटत राहतं. मी गणित करत असलो की ती तशीच उभी राहायची, हातात कप घेऊन. आज दोनदा वळून पाहिलं. बाबांचं डोकं ठिकाणावर नाही म्हणशील.

तिचा तो कोळशाहून काळा लघुग्रह आठवतो ना? तुझ्यापेक्षा त्याचे लाड जास्त, म्हणून तू त्याला तुझा सावत्र भाऊ म्हणायचीस. त्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून काढलेल्या आलेखात, तांबड्याच्या बाजूला, तिला एक उथळ खळगा दिसला होता. तसा खळगा ओल मुरलेल्या मातीचा असतो. म्हणजे त्या दगडात कधीकाळी पाणी होतं. पण लघुग्रहाचा प्रकाश मुळात सूर्याचाच, म्हणून आधी त्याला सूर्यासारख्या ताऱ्याच्या प्रकाशाने भागावं लागतं. तो भागाकार तपासायचं काम माझं. मी भागलं आणि खळगा गायब झाला. आमच्या गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, तिथं काही नाही. ती एवढंच म्हणाली, "तू माझी वही पाहिलीस का?" मी म्हटलं, आकडे पाहिलेत, वही कशाला. कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी ती वही माझ्या टेबलावर होती. मी न उघडताच तिच्या कपाटात परत ठेवली.

तिने त्या खळग्यावरचा लेख मागे घेतला. पुढे दुर्बिणीवर जाणंही सोडलं. घरात आम्ही तो विषय काढला नाही. तिने साधा टोमणाही मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

ती वही आज पेटीत सापडली. तिचं टपोरं अक्षर: "पहिला तारा चुकून शेजारचा घेतला. वापरू नये. दुसरा बरोबर." संगणकात दोन्ही ताऱ्यांच्या नोंदींना एकच नाव होतं, आणि मी पहिला वापरला होता. तो शेजारचा तारा सूर्यासारखा नव्हता, तांबूस होता; त्याच्या स्वतःच्या प्रकाशातच त्या जागी खळगा होता. खळग्याला खळग्याने भागलं, रेघ सपाट आली. आज दुसऱ्याने भागलं. आईचा खळगा जागच्या जागी आहे.

ती गेली त्या आठवड्यात तू विचारलं होतंस, आईने काम का सोडलं. मी म्हणालो, थकली होती. ते खोटं होतं. उद्या तिचा लेख तिच्या नावाने पाठवतोय, आणि चूक माझ्या नावाने. ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. माफ कर असं लिहीत नाही. जिने करायचं ती राहिली नाही.

दोरीवरचे कपडे काढायचे राहिलेत. ते काढून घड्या घालतो.

तुझाच,
बाबा